लिव्हर पुढं टाकला आणि बोट मागं गेली: शिडाच्या बोटीचा गिअरबॉक्स, लिव्हर आणि पंख्याची दिशा, नवख्या मेकॅनिकसाठी

गणपती झाले की पाऊस ओसरतो आणि कोकण-गोव्याकडं चार महिने काठावर काढून ठेवलेल्या बोटी परत पाण्यात टाकायचं काम सुरू होतं. त्याच दिवसात सकाळी सकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, लिव्हर पुढं टाकायलोय तर बोट मागं जायलीय, मालक दुपारी येणारंय, काय करू?" पोरगं जालन्याला आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेलं, ट्रॅक्टरचं इंजिन डोळे झाकून खोलतं, पण बोटीवर जाऊन त्याला दोनच महिने झाले होते. मी म्हणलं आधी इंजिन बंद कर आणि एकही पिन काढू नको, मी सांगतो तसं एकेक बघ.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहायलोय, कारण आपल्या मराठवाड्यातली लई पोरं आता मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडं बोटींच्या कामाला जायलीत. आपण नाथसागराच्या काठावर वाढलो तरी आपला हात बसलेला असतो ट्रॅक्टरवर आणि विहिरीवरच्या मोटारीवर, बोटीचा गिअरबॉक्स आयुष्यात पहिल्यांदा तिकडंच दिसतो. मी स्वतः पाच वर्षं किनाऱ्यावर हे काम करून आता पैठणला परत आलोय, तिकडं पहिल्या वर्षी मला हे कुणी नीट बसून सांगितलं नव्हतं म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

सुरुवात आपल्या मोटारीपासून करू. थ्री फेजची मोटर उलटी फिरली तर आपण काय करतो, दोन फेजच्या वायरी अदलाबदल करतो, झालं काम. आणि उलटी फिरत असली तरी सेंट्रिफ्युगल पंप थोडंफार पाणी फेकतोच, प्रेशर कमी येतं एवढंच, म्हणून कधी कधी दोन दिवस लक्षातच येत नाही. बोटीत या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. डिझेल इंजिन एकाच दिशेनं फिरतं, त्याला फेज बदलायची सोय नाही, त्यामुळं मागं जायचं असेल तर दिशा गिअरबॉक्सच बदलून देतो. आणि पंखा उलटा फिरला तर कमी-जास्त काही नाही, बोट सरळ दुसऱ्या बाजूला जाते. पंखा म्हणजे प्रोपेलर, तिकडं सगळे पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

तर बोट कुठं जाणार हे चार गोष्टी मिळून ठरवतात: इंजिन कुठल्या दिशेनं फिरतंय, गिअरबॉक्स ती दिशा तशीच ठेवतोय का उलटवतोय, पंख्याची पाती उजव्या वळणाची आहेत का डाव्या, आणि वर हातातला लिव्हर केबलनं गिअरबॉक्सला कसा जोडलाय. लिव्हर पुढं म्हणजे बोट पुढं हे निसर्गानं ठरवलेलं नाही, ते कुणीतरी केबल जोडताना ठरवलेलं असतं. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी उभं कुठं राहायचं ते ठरवा

निम्मा गोंधळ इथंच होतो. एक जण पुलीकडून बघून म्हणतो घड्याळासारखं फिरतंय, दुसरा फ्लायव्हीलकडून बघून म्हणतो उलटं फिरतंय, आणि दोघंही बरोबर असतात. बोटीत एकच नियम धरा, बोटीच्या मागं उभं राहून पुढं तोंड करून बघायचं. इंजिन असो, शाफ्ट असो का पंखा, सगळं मागूनच बघायचं. बहुतेक डिझेल इंजिनं पुढून, म्हणजे पुलीकडून घड्याळाच्या दिशेनं फिरतात, म्हणजे मागून बघितलं तर उलट्या दिशेनं. आता गिअरबॉक्समध्ये एका गिअरवर दुसरा गिअर अडकला की दिशा उलटते हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायची गरज नाही, म्हणून साध्या दोन शाफ्टच्या गिअरबॉक्सात पुढचा गिअर टाकला की मागचा शाफ्ट मागून बघताना घड्याळासारखा फिरतो आणि त्याला उजवा पंखा लागतो. मागच्या गिअरसाठी मध्ये एक जादा गिअर असतो, त्यानं दिशा परत एकदा उलटते आणि शाफ्ट इंजिनाच्याच दिशेनं फिरायला लागतो. शिडाच्या बोटीत बहुतेक वेळा हेच सापडतं, पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळी नाही, काही गिअरबॉक्स प्लॅनेटरी असतात, म्हणजे मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारे, त्यात पुढच्या गिअरला दिशा इंजिनाचीच राहते. म्हणून पाठ करून काम करू नका, दर वेळी बघूनच खात्री करा.

गिअरबॉक्सची तोंडओळख

ट्रॅक्टरसारखं याला क्लच पेडल नाही आणि पहिला-दुसरा-तिसराही नाही. पुढं, न्यूट्रल आणि मागं एवढंच, क्लच आतच असतो. छोट्या बोटीत दोन प्रकार सापडतात. एक मेकॅनिकल, यात लिव्हर ढकलला की आतला कोन क्लच, म्हणजे शंकूच्या आकाराचा क्लच, किंवा प्लेटा थेट दाबल्या जातात. दुसरा हायड्रॉलिक, यात आतला पंप ऑइलचं प्रेशर करतो आणि प्रेशरनं क्लच धरतो, लिव्हर नुसता व्हॉल्व्ह फिरवतो. हा फरक कामाच्या वेळी लई महत्त्वाचा आहे, पुढं कळेल.

यासोबत गिअरबॉक्स फेरे पण कमी करतो. यानमारचा केएम२पी नावाचा गिअरबॉक्स छोट्या शिडाच्या बोटीत भरपूर दिसतो, त्यात पुढच्या गिअरचं प्रमाण 2.21, 2.62 किंवा 3.22 असतं. 2.62 चा असेल आणि इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल तर पंखा साधारण 1145 फेरे मारतो. याच गिअरबॉक्सात मागच्या गिअरचं प्रमाण 3.06 आहे, म्हणजे पुढचं वेगळं आणि मागचं वेगळं. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली चुकीच्या पंख्याबद्दल बोलताना लागणार आहे.

ऑइल कुठलं हे अंदाजानं टाकू नका. काही गिअरबॉक्सला इंजिन ऑइल लागतं, काहींना लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. डिपस्टिक आटे फिरवून आत बसवून मोजायची का नुसती टेकवून मोजायची हेही कंपनीगणिक बदलतं, मॅन्युअल बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, मग बाकी काम थांबवा आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

पंखा उजवा का डावा

यासाठी एक साधा बोल्ट खिशात ठेवा, दुसरं काही लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या बोल्टला उजवे आटे असतात. बोल्ट उभा धरून समोरून बघा, आटे डावीकडून उजवीकडं चढत गेलेले दिसतील. आता पंखा काढलेला असेल तर हब, म्हणजे पाती जिथं जोडलेली असतात तो मधला भाग, खाली टेकवून जमिनीवर आडवा ठेवा आणि तुमच्याकडच्या पात्याला बाजूनं बघा. पात्याचा उजवा काठ वर आणि डावा काठ खाली असेल, म्हणजे चढ बोल्टासारखाच असेल, तर पंखा उजवा. उलटं असेल तर डावा, सायकलच्या डाव्या पायडलच्या आट्यांसारखा.

इथं नवी पोरं हमखास एक गोष्ट विचारतात, पंखा काढून उलटा बसवला तर डाव्याचा उजवा होईल का. नाही होत. बोल्ट उलटा धरून बघा, आटे तसेच उजवीकडं चढलेले दिसतात. पंख्याचंही तेच. आणि शाफ्टाला टेपर असेल तर तो उलटा बसणारही नाही, उगाच हातोडा मारत बसू नका.

बहुतेक पंख्यांच्या हबवर इंग्रजीत खोदलेलं पण असतं, आर-एच म्हणजे उजवा, एल-एच म्हणजे डावा, सोबत दोन आकडे. 15 आणि 12 असे आकडे असतील तर पंख्याचा घेर 15 इंच व्यासाचा आणि पिच 12 इंच, म्हणजे पाणी घट्ट असतं असं धरलं तर एका फेऱ्यात पंखा 12 इंच पुढं गेला असता. वर्षानुवर्षं शंख-शिंपल्या खरवडून हे आकडे पुसट होतात, म्हणून बोल्टाची पद्धत यायलाच पाहिजे.

शाफ्ट कुठं फिरतोय ते बघणं

हे काम बोट चारही बाजूंनी दोरांनी बांधलेली असताना करायचं. गमजा गळ्यात असेल तर काढून ठेवा, सैल बाही वर घ्या, मागं पाण्यात कुणी पोहत नाही ना बघा. फिरणारा शाफ्ट कापड पकडतो तेव्हा सोडवायला वेळच देत नाही.

इंजिन बंद असताना कपलिंगवर, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जिथं जोडलेत तिथं, पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. मेकॅनिकल गिअरबॉक्स असेल तर इंजिन चालू करायचीही गरज नाही, इंजिनावरचा डिकॉम्प्रेशन लिव्हर वर करा म्हणजे कॉम्प्रेशन सुटून इंजिन हलकं फिरतं, गिअरचा लिव्हर पुढच्या गिअरला टाका आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. फिरवायचं इंजिनाच्या नेहमीच्याच दिशेनं, उलटं फिरवलं तर समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी इंपेलरच्या पाकळ्या उलट्या वाकतात. पांढरी रेघ कुठं सरकतीय ते मागून बघा आणि कागदावर लिहा. मग न्यूट्रलला आणि मागच्या गिअरला तेच परत करा. न्यूट्रलला शाफ्ट हातानं मोकळा फिरला पाहिजे.

हायड्रॉलिक गिअरबॉक्सात ही युक्ती चालत नाही, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, प्रेशर नाही, क्लच धरणारच नाही. तिथं इंजिन सगळ्यात कमी रेसवर चालू करून, दुसऱ्या माणसाला स्टॉपच्या दोरीजवळ उभं करून, दोन-तीन सेकंदांसाठी गिअर टाकून बघायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढून त्यावरून दिशा ठरवू नका. कॅमेऱ्याच्या फ्रेमा आणि शाफ्टाचे फेरे असे जुळतात की व्हिडिओत शाफ्ट कधी थांबलेला तर कधी चक्क उलटा फिरताना दिसतो. गिअर पडताना पहिला अर्धा फेरा कुठं गेला तो डोळ्यांनी बघा, तोच खरा.

आता चूक कुठं आहे ते शोधा

लिव्हर पुढं आणि बोट मागं असं होत असेल तर कारणं मुख्यतः दोन.

भाच्याकडं बघितलं तर पंखा उजवा निघाला. वरचा लिव्हर पुढं टाकल्यावर शाफ्ट मागून बघताना घड्याळाच्या उलट फिरत होता. म्हणजे पंखा बरोबर, दिशा चुकीची, गिअरबॉक्स मागच्या गिअरला पडायलाय. केबल चुकीच्या बाजूला जोडलेली. पावसाळ्यात कुणीतरी नवी केबल टाकली होती आणि वरच्या कंट्रोलमध्ये ती खालच्या भोकाऐवजी वरच्या भोकाला लावली होती. कंट्रोलमध्ये गिअरच्या हातावर पिव्होटच्या, म्हणजे हात ज्या खिळीवर फिरतो तिच्या, वर आणि खाली अशी दोन भोकं असतात, एकाला लावली तर लिव्हर पुढं केल्यावर केबल ढकलते, दुसऱ्याला लावली तर ओढते. पिन काढून जागा बदलली, दहा मिनिटांचं काम. काही ठिकाणी हाच बदल गिअरबॉक्सकडच्या लिव्हरवर करता येतो.

दुसरं कारण म्हणजे पंखाच उलट्या हाताचा बसवलेला. मागच्या मालकानं स्वस्तात मिळाला म्हणून जुना पंखा घेतलेला असतो, असं होतं. तेव्हा केबल फिरवली की बोट पुढं जायला लागते आणि सगळे खूश होतात, पण मग बोट आयुष्यभर मागच्या गिअरवर पुढं चालणार. काही गिअरबॉक्सला दोन्ही दिशा सारख्याच झेपतात, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं, तिथं हरकत नाही. पण वर सांगितलेल्या केएम२पीसारखं दोन्ही बाजूंचं प्रमाण वेगळं असेल तर पंख्याला चुकीचे फेरे मिळतात, आणि काही गिअरबॉक्सात मागची बाजू तासन् तास भार घ्यायला बनवलेलीच नसते. तिथं मालकाला स्पष्ट सांगा की पंखा बदला. पैसे लागतील म्हणून तो नाराज होईल, होऊ द्या.

केबल पूर्ण पोचतीय का

हे मी सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायलोय कारण इथं गिअरबॉक्स जळतात आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो. केबल जोडली, गिअर पडला, बोट हलली, म्हणजे झालं असं नाही. गिअरबॉक्सचा लिव्हर अर्धाच सरकत असेल तर मेकॅनिकल क्लच अर्धवट दाबला जातो, घसरतो, तापतो आणि एका सीझनमध्ये संपतो. अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर चढावर ओढल्यासारखं आहे ते.

तपासायचं असं. केबल गिअरबॉक्सकडून सोडवा. लिव्हर हातानं पुढच्या बाजूला पार शेवटपर्यंत ढकला आणि केसिंगवर मार्करनं खूण करा, मग मागच्या बाजूलाही तसंच. आता केबल परत जोडा आणि वरून गिअर टाका. लिव्हर दोन्ही खुणांपर्यंत पोचला पाहिजे. एका बाजूला पोचतोय आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं आधीच थांबतोय असं असेल तर केबलचं टोक फिरवून ॲडजस्ट करा, दोन्हीकडं समान येईपर्यंत. न्यूट्रलला असताना केबल आणि लिव्हरमध्ये काटकोन असावा, तो नसेल तर ॲडजस्टमेंट कितीही केली तरी एक बाजू कमीच पडते. आणि केबल वळवताना 8 इंचापेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, आतली तार घासते, मग लिव्हर जड होतो आणि माणूस जोर लावायला लागतो.

एकाच लिव्हरवर गिअर आणि रेस दोन्ही असतील, जे बहुतेक बोटीत असतं, तर गिअर पूर्ण पडल्यावरच रेस वाढायला सुरुवात झाली पाहिजे. लिव्हरच्या बुडाशी एक बटण असतं, ते दाबून किंवा ओढून गिअर सोडवता येतो, म्हणजे न्यूट्रलमध्येच नुसती रेस देऊन इंजिन गरम करता येतं. नव्या माणसाला हे बटण माहीत नसलं तर त्याला वाटतं गिअर पडतच नाही.

बांधलेल्या बोटीवरची चाचणी सोडू नका

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका बोटीची केबल मी बदलली, गिअर पडतोय, निघतोय, आवाज नीट येतोय एवढं बघितलं आणि बोट दिली. दिशा बघितली नाही. मालकानं धक्क्यावरून बोट काढली तेव्हा त्याला वाटलं वाऱ्यानं मागं सरकली, मग थांबवायला म्हणून त्यानं लिव्हर मागं ओढला आणि बोट थांबायच्या ऐवजी पुढं उसळून दगडी धक्क्यावर आदळली. पुढं उभा असलेला पोरगा दोर धरून होता, त्याचा हात बोट आणि दगडाच्या मध्ये येता येता वाचला. फायबर फुटलं ते दोन दिवसात भरलं मी. त्या पोराचा हात अजून डोळ्यासमोर येतो. घाबरलेला माणूस लिव्हर मागंच ओढतो, आणि जोरात ओढतो, म्हणून उलटी केबल ही साधी चूक नाहीये.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. बोट बांधलेलीच, इंजिन 800 च्या आसपास, लिव्हर पुढं, आणि मागं जाऊन पाणी बघायचं. पुढचा गिअर असेल तर पंख्याचं पाणी बोटीच्या मागं लांब फेकलं जातं आणि पुढचे दोर सैल पडून मागचे ताणतात. मागचा गिअर असेल तर फेस बोटीच्या पोटाखालून पुढं येतो. मग न्यूट्रल, दोन-तीन सेकंद थांबायचं, शाफ्ट थांबू द्यायचा, मग मागचा गिअर. पुढून थेट मागं खाडकन टाकायचं नाही, आणि गिअर टाकताना रेस कमीच. पण टाकताना हात ठाम पाहिजे, हळूहळू सरकवत टाकला तर क्लच घसरत घसरत लागतो.

याच वेळी बोटीचा मागचा भाग कुठं ओढतोय तेही बघून घ्या. उजवा पंखा मागच्या गिअरला बोटीचं बूड डावीकडं ओढतो, डावा पंखा उजवीकडं. बोट चालवणाऱ्याला हे माहीत असलं तर तो बोट त्याच बाजूनं धक्क्याला लावतो आणि शेवटच्या क्षणी मागचा गिअर टाकून बूड अलगद आत घेतो. आणि मेकॅनिकला याचा फायदा असा की पंखा पाण्याखाली असला तरी तो उजवा का डावा याचा अंदाज येतो. घडीचा पंखा असेल, म्हणजे पाती मिटणारा, तर मागच्या गिअरला तो जरा उशिरा उघडतो आणि जोर कमी देतो, तो दोष समजून खोलायला बसू नका.

शिडावर चालताना गिअर कुठं ठेवायचा

इंजिन बंद करून बोट शिडावर चालली की पाण्याच्या ओढीनं पंखा आपोआप फिरायला लागतो आणि मालक विचारतो गिअर कुठं ठेवू. यानमारचं सांगणं न्यूट्रलला ठेवा असं आहे. हर्थच्या, म्हणजे आताच्या झेडएफच्या, मेकॅनिकल गिअरबॉक्सात शाफ्ट थांबवायचा असेल तर मागच्या गिअरला टाकतात. पुढच्या गिअरला मात्र ठेवायचं नाही, क्लच घसरून झिजतो. आणि मागच्या गिअरला ठेवला असेल तर इंजिन परत सुरू करायच्या आधी न्यूट्रल करायला विसरायचं नाही.

काम संपलं की इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करनं लिहा: पंखा उजवा का डावा, व्यास आणि पिच, गिअरबॉक्सचं नाव आणि प्रमाण, ऑइल कुठलं, केबल कुठल्या भोकाला, शिडावर गिअर कुठं. पुढच्या सीझनला ती बोट तुमच्याच हातात येईल असं नाही. भाच्यानं दुपारी तसा फोटो पाठवला, अक्षर जरा वाकडं होतं पण सगळं होतं, फक्त ऑइलचं नाव राहिलं होतं, ते मी त्याला परत लिहायला लावलं.